पीक कर्जाचं नवं-जुनं आणि वाळूजची पद्धत

बँकेच्या रजिस्टरात पीक कर्जाचं प्रकरण ज्या तारखेला चढतं, त्याच्या कितीतरी आधी ते शेतकऱ्याच्या घरात सुरू झालेलं असतं. सातबारा आणि आठ-अ काढायला सेतू केंद्रावर चक्कर झालेली असते, दुसऱ्या बँकेच्या बेबाकीसाठी, म्हणजे तिथे बाकी नसल्याच्या दाखल्यासाठी, रोजगार बुडालेला असतो, सामायिक खात्यातल्या भावाच्या संमतीसाठी पुण्याला फोन झालेले असतात. आमचं घड्याळ मात्र ‘पूर्ण अर्ज’ टेबलावर आला की सुरू होतं. किसान क्रेडिट कार्ड १४ दिवसांत द्यावं, अशी सूचना केंद्राने २०१९ मध्ये बँकांना दिली, तीसुद्धा पूर्ण अर्ज मिळाल्यापासूनचे १४ दिवस. अर्ज पूर्ण होण्यात किती दिवस गेले, हे कुणाच्याच वहीत लिहिलेलं नसतं.

मी परभणी जिल्ह्यात, आठवडी बाजार भरतो अशा एका गावी बँकेच्या शाखेची व्यवस्थापक आहे. त्याआधी वाळूजच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सिस्टिम्स इंजिनिअरिंगचं काम करत होते. मेकॅनिकलची पदवी, काही वर्षं कंपनी, मग बँकेची परीक्षा असा प्रवास केलेली माणसं मराठवाड्यातल्या शाखाशाखांत भेटतील. शाखेत रुजू झाले तेव्हा खरिपाची गर्दी सुरू होती. वाळूजला शिकलेलं सगळं इथे कामाला येईल, असं मला त्या गर्दीकडे पाहतानाच वाटलं होतं. पुढे जे केलं ते लिहून ठेवते, कारण असाच प्रयत्न करणाऱ्या दुसऱ्या कुणाला त्याचा उपयोग व्हावा.

सिस्टिम्स इंजिनिअरिंगचं सूत्र थोडक्यात असं. एकेक भाग चांगला असून भागत नाही, भाग जिथे एकमेकांना जोडले जातात तिथे काय घडतं ते बघावं लागतं. आधी हे सगळं कुणासाठी आणि त्याला नेमकं काय हवं, ते मोजता येईल अशा शब्दांत लिहायचं. मग हद्द आखायची, म्हणजे काय आपल्या आत आणि काय बाहेर. मग प्रत्येक सांध्याला एक धनी नेमायचा. आणि शेवटी दोन वेगळे प्रश्न विचारायचे. लिहून ठेवलं तसं बनलं का, याला व्हेरिफिकेशन म्हणतात. ज्याच्यासाठी बनवलं त्याची गरज भागली का, हे व्हॅलिडेशन.

ही कारखान्याची विद्या, माणसांच्या कामात ती कशी चालेल, असं मला आमच्याच खात्यातल्या एका वरिष्ठांनी विचारलं होतं. पण या विद्येची मुळं टेलिफोनमध्ये आहेत, आणि टेलिफोन ही सेवाच. एकाच वेळी किती लोक फोन लावतील आणि किती जण ताटकळतील, याचं गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एरलांग यांनी १९०९ मध्ये मांडायला घेतलं. सिस्टिम्स इंजिनिअरिंग हे नाव रूढ झालं ते १९४० च्या दशकात, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये, तेही टेलिफोनच्याच जाळ्यासाठी. १९५२ मध्ये नॉर्मन बेली यांनी ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या बाह्यरुग्ण विभागांतल्या रांगांचा अभ्यास करून, रुग्णांना किती अंतराने बोलवावं याचं कोष्टक मांडलं. कारखान्यांनी ही विद्या नंतर खूप वाढवली, हे खरं. बँकेत ती आणताना मला ती परकी वाटली नाही.

सुरुवात हद्दीपासून केली. माझ्या कागदावर हद्दीची रेघ मी शाखेच्या दारातून काढून शेतकऱ्याच्या उंबऱ्यावर नेली. मग काही शेतकऱ्यांना विनंती केली की, मला तुमच्याबरोबर येऊ द्या. एका काकांसोबत मी सेतू केंद्रावर बसले, दुसऱ्या बँकेत बेबाकीला गेले, तिथल्या साहेबांची वाट पाहिली. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो, पण काकांना तो गावच्या केंद्रावरूनच काढावा लागतो, आणि सर्व्हर चालू नसेल तर ‘उद्या या’. हा ‘उद्या’ आमच्या कुठल्याच अहवालात दिसत नाही.

त्यानंतर गरज काय ते लिहायचं होतं. शाखेत सगळे म्हणायचे, गरज म्हणजे कर्ज लवकर मिळणं. लवकर म्हणजे कधी? ते उत्तर मला एका थकलेल्या बाबांनी दिलं. ते म्हणाले, “म्याडम, भरायला मी तयारच हाये. पर भरल्यावर परत कवा मिळतील तेवढं सांगा. तेवढ्या दिसाचं याज कोन देनार?”

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडे पीक कर्ज ‘नवं-जुनं’ करतात. जुनी बाकी व्याजासह भरायची आणि नव्या हंगामासाठी पुन्हा उचलायची. तीन लाखांपर्यंतच्या कर्जाला सात टक्के दर, आणि मुदतीत भरलं तर तीन टक्क्यांची सवलत, म्हणजे चार टक्के. राज्याच्या पंजाबराव देशमुख योजनेमुळे वेळेवर फेडणाऱ्याला तेही परत मिळून व्याज शून्यावर येतं. म्हणजे मुदतीत भरणं शेतकऱ्याच्या फायद्याचंच. पण सोयाबीन, कापूस विकून आलेला पैसा मे महिन्यापर्यंत घरात राहत नाही. लग्न, दवाखाना, पोरांच्या फिया यांत तो जातो. मग भरण्यापुरते पैसे हातउसने किंवा सावकाराकडून घेतले जातात, चार दिवसांच्या बोलीवर. समजा दीड लाख रुपये शेकडा तीनने उचलले, तर महिन्याला साडेचार हजार, म्हणजे दिवसाला दीडशे रुपये. बँकेच्या चार टक्क्यांनी त्याच दीड लाखाचं दिवसाचं व्याज साडेसोळा रुपयेसुद्धा होत नाही. भरणा आणि नवी उचल यांच्यात आमच्याकडे दहा दिवस गेले तर शेतकऱ्याचे पंधराशे रुपये गेले. सरकारने दिलेली सवलत आमच्या टेबलावरच्या मुक्कामात अशी विरून जाते. हा आकडा मी कर्मचाऱ्यांच्या बैठकीत फळ्यावर मांडला तेव्हा कॅशियर मॅडम म्हणाल्या, “आमच्या घरीबी वडील असंच करायचे, पण हे आम्ही कधी मोजलंच नव्हतं.”

मग गरज दोन ओळींत लिहिली. पहिली, भरणा आणि उचल यांच्यामध्ये कामाचा एकच दिवस. दुसरी, बियाणं-खताचे पैसे मे संपायच्या आत खात्यावर. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा असा असतो, पण बियाणं त्याआधी घरात लागतं. उशीर झाला की कृषी सेवा केंद्राची उधारी आली, आणि उधारीवर घेणाऱ्याला वाण निवडायला मिळत नाही. दुकानदार देईल ते घ्यायचं.

पहिल्या ओळीचं उत्तर मला वाळूजच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग घडवणाऱ्या विभागात, सापडलं. प्रेसवर एका भागाचा साचा काढून दुसऱ्याचा चढवायचा म्हणजे तेवढा वेळ मशीन बंद. १९६९ मध्ये टोयोटाच्या एक हजार टनी प्रेसला साचा बदलायला चार तास लागत. शिगेओ शिंगो यांनी ते काम आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांच्या आत आणलं. त्यांची युक्ती अशी की, मशीन बंद असतानाच जी करता येतात ती कामं वेगळी काढायची आणि चालू असताना आधीच उरकता येतात ती वेगळी. जे आधी होऊ शकतं ते सगळं आधी करायचं. वाळूजमधल्या कुठल्याही प्रेस शॉपच्या सुपरवायझरला हे पाठ असतं.

नवं-जुनं करणं हा साचा बदलण्याचाच प्रकार आहे. शेतकऱ्याने बाकी भरली की त्याचं मशीन बंद पडतं आणि सावकाराचं मीटर सुरू होतं. आम्ही नेमकी सगळी कामं भरण्यानंतर काढायचो. भरणा झाला की नवा सातबारा आणा, मग बेबाकी, मग सिबिल, म्हणजे आधीच्या कर्जफेडीचा अहवाल, मग फिल्ड ऑफिसरची पाहणी, मग मंजुरी. यातलं भरण्यानंतरच करावं लागतं असं काय आहे, हा प्रश्न घेऊन मी आणि आमचे फिल्ड ऑफिसर एका रविवारी बसलो. भरण्याची नोंद आणि कर्जाची मर्यादा मोकळी करणं, एवढंच निघालं. बाकी सगळं आधी होऊ शकत होतं.

नियमात ते बसतं का, हे मी क्षेत्रीय कार्यालयाला लेखी विचारून घेतलं. किसान क्रेडिट कार्ड १९९८ मध्ये आलं ते फिरतं खातं म्हणूनच. मर्यादा पाच वर्षांची, दरवर्षी आढावा, आणि भरलेलं पुन्हा उचलण्याची मुभा. आढावा मार्च-एप्रिलमध्ये घ्यायला कुणाची हरकत नव्हती. अट एकच, जुनी बाकी व्याजासह खरोखर भरली गेल्याशिवाय एक रुपयाही उचलता येणार नाही. ती अट योग्यच आहे आणि आम्ही ती पाळतो. सगळंच फार आधी करूनही चालत नाही. सिबिलचा अहवाल शिळा होतो, सातबाऱ्यावर मधेच एखादा बोजा चढू शकतो. म्हणून जमिनीची पाहणी आणि वारस-संमतीची कामं मार्चमध्ये, बेबाकी एप्रिलमध्ये, सिबिल आणि ताजा सातबारा अगदी शेवटी, असा क्रम लावला. दोन लाखांच्या वरची प्रकरणं वेगळी काढली, कारण तिथे गहाणखत आणि बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जमिनीच्या मालकीची तपासणी, लागते. विनातारण मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून एक लाख साठ हजारांवरून दोन लाख झाल्यावर तर आमची बरीच प्रकरणं त्या फेऱ्यातून सुटली.

आता त्रुटींबद्दल. वाळूजला लाइनवरून परत आलेल्या प्रत्येक भागाला लाल चिठ्ठी लागायची आणि परत येण्याचं कारण फळ्यावर जायचं. तेच इथे केलं. खातेदाराचं नाव नाही, रक्कम नाही, फक्त कारण, आणि त्यापुढे काड्या. थोड्याच दिवसांत चित्र स्पष्ट झालं. कारणं मोजकी होती आणि तीच तीच होती. आधारवर ‘ज्ञानोबा’ आणि सातबाऱ्यावर ‘ज्ञानदेव’. सामायिक गटात एका भावाची सही राहिलेली. वडील वारले, फेरफार झालेला नाही. चार ठिकाणच्या बेबाकीपैकी एक पतसंस्थेची राहिली. यातली एकही गोष्ट काउंटरवरच्या माणसाने जोरात काम केल्याने सुटणारी नव्हती. त्रुटी दोन कार्यालयांच्या मधल्या सांध्यात तयार होत होती आणि सापडत होती आमच्याकडे, सगळ्यात शेवटी.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते त्रुटी सांगण्याची रीत. एका फेरीला एक त्रुटी. सातबारा जुना आहे, नवा आणा. आणला, तर आता भावाची संमती हवी. तीही आणली, तर फोटो दोनच आहेत, तीन लागतात. प्रत्येक वेळी माणूस पंधरा-वीस किलोमीटरवरून येतो. सगळ्या शाखांतून हे चालतं आणि त्यात कुणाचा दुष्टावा नसतो. समोरचा कर्मचारी फाइल पहिल्या अडचणीपाशी थांबवतो आणि पुढच्याला आवाज देतो, कारण रांग मोठी असते. पण हेलपाटा हा शब्द मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या तोंडी इतका बसला आहे तो याच रीतीमुळे. आम्ही नियम केला की फाइल हातात घेतली तर शेवटपर्यंत बघायची आणि जे जे कमी आहे ते एकाच चिठ्ठीवर लिहून द्यायचं, खाली तपासणाऱ्याची सही. चिठ्ठीबाहेरची त्रुटी नंतर निघाली तर ती आणण्याची जबाबदारी आमची. सहीमुळे तपासणारे फार काळजीपूर्वक बघू लागले. मग गावागावांतल्या बँक मित्रांना, म्हणजे गावात बँकेचं काम बघणाऱ्या प्रतिनिधींना, लागणाऱ्या कागदपत्रांच्या याद्यांचे तीन कागद दिले. एक स्वतःच्या नावच्या जमिनीसाठी, एक सामायिकसाठी, एक वारसांसाठी. फाइल शाखेत येण्याआधी गावातच तपासली जाऊ लागली.

अपुऱ्या फायली टेबलावर घ्यायच्या नाहीत, याला शाखेत विरोध झाला. शेतकऱ्याला परत पाठवलं असं दिसेल, ही कर्मचाऱ्यांची भीती खोटी नव्हती. तेव्हा मी त्यांना जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम सांगितला. टेबलावर पडून असलेल्या फायलींना रोज निकाली निघणाऱ्या फायलींनी भागा, सरासरी किती दिवस थांबावं लागतं ते येतं. तीनशे फायली पडल्या असतील आणि रोज वीस निघत असतील तर पंधरा दिवस. अर्धवट फाइल ठेवून घेतल्याने शेतकऱ्याचं काम पुढे सरकत नाही, उलट पूर्ण कागद दिलेला माणूसही तिच्यामागे अडकतो. चिठ्ठी हातात पडत असल्याने आपल्याला हाकललं असं कुणाला वाटलं नाही, आणि हळूहळू शाखेतला विरोध मावळला.

बाजाराच्या दिवसाची गर्दी हा वेगळाच विषय. त्या दिवशी गाड्या मिळतात, म्हणून माणसं त्याच दिवशी येणार. काउंटरवरच्या माणसाचा वेळ ऐंशी टक्के भरलेला असेल तर रांगेच्या सोप्या गणितानुसार सरासरी चार जणांच्या कामाइतकं थांबावं लागतं, नव्वद टक्क्यांना नऊ, पंच्याण्णव टक्क्यांना एकोणीस. म्हणजे शेवटची थोडी मोकळीक संपली की रांग एकदम फुगते. वरून बघणाऱ्याला रिकामा बसलेला कर्मचारी दिसला की खटकतं, पण ती मोकळीक राखली तरच रांग हलते. गावांना वार वाटून द्यावे, असा विचार होता. गावांत जाऊन विचारलं तर एक मावशी म्हणाल्या, “बाजाराला जीप येती म्हणून येनं व्हतं ताई. बिगरबाजाराचं यायचं तर जायला-यायला पैसे कुनी द्यावं?” त्यांचं म्हणणं रास्त होतं. म्हणून उलट बाजूने गेलो. बाजाराच्या दिवशी बैठक नाही, रजा नाही, फिल्ड ऑफिसर बाहेर जाणार नाहीत, दारातच एक टेबल फक्त कागद तपासायला. आतली नोंदी चढवण्याची, अहवालांची कामं बाकीच्या दिवसांवर ढकलली. माणसांचं येणं बदलत नसेल तर आपली मोकळीक तिथे नेऊन ठेवायची.

या सगळ्यानंतरच्या खरिपात, ज्यांचा आढावा आधी झाला होता ते सकाळी भरणा करून संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी उचल करू लागले. तेच बाबा येऊन म्हणाले की या साली सावकाराला चार दिसाचंबी याज दिलं नाही. भरण्याचे पैसे त्यांनी जावयाकडून एका दिवसासाठी आणले होते. एका दिवसासाठी पैसे द्यायला नातेवाईक तयार होतात, पंधरा दिवसांसाठी होत नाहीत. हे मी आधी कुठल्याच कागदावर मांडलं नव्हतं, पण मला वाटतं या कामाचा सगळ्यात मोठा लाभ हाच आहे.

व्हॅलिडेशनचा प्रश्न मात्र वरच्या पातळीवर अडतो, आणि तो मी प्रत्येक बैठकीत मांडते. खरिपाच्या पीक कर्जाचं उद्दिष्ट ३० सप्टेंबरपर्यंतच्या वाटपावर मोजतात. मे महिन्यात दिलेला रुपया आणि ऑगस्टमध्ये दिलेला रुपया त्या तक्त्यात सारखाच. ऑगस्टमध्ये सोयाबीन फुलावर असतं. तेव्हा मिळालेला पैसा उधारी चुकवायला जातो, पेरणीला त्याचा उपयोग नसतो. उद्दिष्ट शंभर टक्के पूर्ण आणि गरज अपुरी, अशी वेळ कारखान्यात आली तर माल परत येतो. इथे परत काही येत नाही, म्हणून कळत नाही. वाटपाच्या तक्त्यात ‘१५ जूनपूर्वी किती’ असा एकच रकाना वाढवला तरी शाखांचं लक्ष आपोआप मे महिन्याकडे वळेल, असं माझं ठाम मत आहे. आमच्या शाखेत तो रकाना आम्ही हाताने आखतो.

कारखान्यात फरक म्हणजे दोष, दोन भाग तंतोतंत सारखे हवेत. सेवेत तसं धरता येत नाही, आणि ही गोष्ट वाळूजहून येताना सोबत आणता येत नाही, इथेच शिकावी लागते. नवरा गेलेली बाई पहिल्यांदा स्वतःच्या नावाने कर्ज मागायला येते, तिच्याशी बोलायला वेळ लागतो आणि लागायलाच हवा. तिला काय सही करतोय ते कळलं पाहिजे, सासरच्यांपैकी कोण काय म्हणतंय ते ऐकून घेतलं पाहिजे. साध्या फायलींतून वाचलेला वेळ आम्ही याच प्रकरणांना दिला.

वारसांची प्रकरणं हाच आता उरलेला सगळ्यात अवघड सांधा. फेरफाराला नोटिशीची मुदत असते, हरकत आली तर सुनावणी लागते, आणि ते सगळं महसूल खात्याच्या हद्दीत. त्यात आमचा हात पोचत नाही, आणि पोचूही नये. पण एप्रिलमध्ये कळलं की वारसनोंद नाही, तर हंगाम गेलाच. म्हणून यंदा दिवाळीनंतर लगेच आम्ही आमच्या खातेदारांपैकी मयतांच्या वारसांना बँक मित्रांमार्फत निरोप देणं सुरू केलं आहे. अर्ज कुठे करायचा, कोणते कागद लागतात, ते त्या तिसऱ्या कागदावर आहेच. गावच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांशी बोलून महिन्यातला एक वार ठरवला आहे. त्या दिवशी ते आणि आमचे फिल्ड ऑफिसर ग्रामपंचायतीत एकाच टेबलावर बसतात. पहिल्या बैठकीला अपेक्षेपेक्षा जास्त बाया आल्या होत्या.